पोपटी लोकर, कोरी कपाळं

लोकर ही वस्तू आमच्या गावात मेंढीच्या अंगावर असायची, नाहीतर घोंगडीत. ती सुयांवर घेऊन विणायची आणि तिचा अंगरखा करून माणसाने घालायचा, ही कल्पना पाकिस्तानशी लढाई लागेपर्यंत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. यायचं कारणही नव्हतं. आमचं पिंपळगाव गेवराईच्या पुढे, गोदावरीकडे उतरत जाणाऱ्या काळ्या रानात. वर्षाचे बहुतेक महिने माणसं घामाने निथळायची, आणि जी काही थंडी पडायची ती हुरड्याच्या आगटीपुरती. तिला जुन्या लुगड्यांची वाकळ पुरायची. पण लढाई लागली, रेडिओवर जवानांसाठी गरम कपड्यांचं आवाहन झालं, आणि बापूसाहेबांना देशासाठी काहीतरी करावंसं वाटलं. बापूसाहेबांना देशासाठी काही करावंसं वाटलं की ते गावातल्या बायकांना करावं लागे.

बापूसाहेब म्हणजे गावातले सर्वांत मोठे जमीनदार आणि जिल्हा परिषदेचे सदस्य. निवडणूक तोंडावर आलेली होती. त्यांच्या देशप्रेमाचा आणि निवडणुकीचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की दोन्हीला एकाच वेळी भरती यायची. त्यांच्या पत्नी माईसाहेब महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळ वर्षातून एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमायचं, वाण लुटायचं आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत अंतर्धान पावायचं. लढाईमुळे ते एकदम जागं झालं.

पहिला उपद्व्याप अंधाराचा होता. दुश्मनाच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून दिवे मालवायचे, असा हुकूम शहरांसाठी निघाला होता. गावात वीज चार घरांत, त्यातलं एक बापूसाहेबांचं. बाकी आम्ही चिमणीच्या उजेडात भाकरी गिळणारी माणसं. पण बापूसाहेबांचा गडी दिवेलागणीला शिट्टी वाजवत गल्लीत यायचा आणि "चुली इझवा, चुली इझवा" म्हणून ओरडायचा. माझी आई दारात जाऊन त्याला म्हणाली, "बाबा, पाकिस्तानवाल्याला माझी भाकर दिसायली आसंल तर त्याला सांग, कोरड्यास न्हाई म्हून. घिऊन ये म्हणावं येताना."

आमच्या घरात तेव्हा आम्ही तिघी बायकाच होतो. मी सोळाची, नुकतीच शाळा संपवून घरात बसलेली, म्हणजे लग्नाला उभी केलेली. आई, जिच्या कपाळावर मी आठ वर्षांची असल्यापासून कुंकू नव्हतं. आणि सुमनवहिनी, माझ्या भास्करदादाची बायको. दादा फौजेत होता. लग्न करून, सुट्टी संपवून तो गेला त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि लढाई लागली तेव्हा तो जम्मूकडे कुठेतरी होता. त्याची पत्रं नेमाने यायची. त्यांत 'मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल' याखेरीज काही नसायचं, तरी वहिनी ते एकच वाक्य माजघराच्या उंबऱ्यावर बसून इतका वेळ वाचायची की आई म्हणायची, "आगं, त्यात आजून काय फुटायलंय का कोंब?"

वहिनी अंबाजोगाईची. तिकडच्या मुलींच्या शाळेत विणकामाचा तास असे, आणि त्या तासाला ती सुलट-उलट टाके शिकली होती. अख्ख्या गावात विणकाम येणारी ती एकटी. त्यामुळे माईसाहेबांचा निरोप आला तेव्हा तिला नाही म्हणायची सोय नव्हती. आणि तिला नाही म्हणायचंही नव्हतं. लढाई सुरू झाल्यापासून पत्र आलेलं नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं होतं. ती भाकरी थापायला बसली की पीठ संपलं तरी परातीवर हात फिरवत राहायची.

लोकर बापूसाहेबांनी स्वतः आणवली. फौजेचा रंग हिरवा असतो एवढं त्यांना माहीत होतं. जालन्याच्या कुठल्याशा व्यापाऱ्याकडे खपत नसलेली हिरवी लोकर पडून होती, ती त्याने कृतज्ञतेने दिली. पोती उघडली तर आत रंग निघाला पोपटी. असा पोपटी की ओसरीवर जरा वेळ सगळ्यांची तोंडं हिरवी दिसली. वहिनी हळूच म्हणाली, "माईसाहेब, हे लांबून दिसंल." त्यावर माईसाहेबांचं उत्तर असं, की दिसलंच पाहिजे, पिंपळगावनं काय पाठवलं ते लोकांना कळायला नको का?

त्याहून मोठा प्रश्न मापाचा होता. स्वेटर विणायचा तर पुरुषाचं माप पाहिजे. वहिनी ही गावची सून. गावातला पुरुष समोरून आला तर तिने पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायचं, तिथे ती छातीला पट्टी कुणाच्या लावणार? इतर बायकांचीही तीच गत. अखेर माईसाहेबांनीच तोड काढली. त्या पट्टी घेऊन आत गेल्या आणि आपल्या हक्काच्या एकुलत्या एक पुरुषाचं माप घेऊन बाहेर आल्या. माप चालू असताना आतून बापूसाहेबांचा आवाज आला होता, "जवान म्हंजे छाती पायजे! नीट घ्या!" छातीचं माप घेतलं होतं, पण ते पोटापर्यंत ओघळलेलं होतं. वहिनीने आकडे ऐकले आणि मान खाली घालून म्हणाली, "पोटाला लई झालं माईसाहेब. फौजी माणूस येवढा नसतो."

"फौजेत खायला चांगलं देतेत," माईसाहेब म्हणाल्या. विषय संपला. बापूसाहेबांच्या पोटाला जास्त म्हणायची छाती गावात एकाही पुरुषात नव्हती, मग बायकांत कुठून येणार? अशा रीतीने सरहद्दीवरच्या सडपातळ पोरांसाठी आम्ही सगळ्या जणी बापूसाहेब विणायला बसलो.

सुया कमी पडल्या तेव्हा सायकलच्या चाकाच्या तारा घासून सुया केल्या. दुपारची भांडी झाली की बायका बापूसाहेबांच्या ओसरीवर जमायच्या. आमच्या शेजारची द्वारकाकाकू सगळ्यांत पुढे. तिचा देह मोठा, आवाज त्याहून मोठा, आणि टाका इतका घट्ट की तिचा स्वेटर जमिनीवर उभा राहायचा. धनगरगल्लीतली सखू लोकरीला जन्मापासून हात लावत आलेली, पण तिला दोन सुयांचा हा प्रकार हास्यास्पद वाटायचा. "मेंढीला ठावं तरी हाय का, तिची आसली फजिती व्हायली म्हून?" असं ती म्हणायची आणि दर ओळीला एक टाका गाळायची. माझ्या स्वतःच्या विणकामाविषयी न बोललेलं बरं. रेडिओ वरच्या अंगाला लावलेला असे. बातम्यांच्या आधीची ती सूचक धून वाजली की सगळ्या सुया थांबायच्या आणि सगळ्या जणी वहिनीकडे बघायच्या नाहीत. बघायचं नाही हे कुणी ठरवलेलं नव्हतं. बातम्यांत आपल्या फौजा इथे पुढे सरकल्या, तिथे पुढे सरकल्या असं सांगायचे. भास्करचं नाव अर्थातच नसायचं, आणि नाव नाही म्हणून वहिनी श्वास सोडायची.

मी आता बीडला धाकट्या लेकाकडे असते. मागे सीमेवर काही दिवस धुमश्चक्री झाली, तेव्हा आमच्या कॉलनीतल्या महिलांनीही जवानांसाठी टोप्या विणायचं ठरवलं. लोकर घरपोच आली, सुया घरपोच आल्या, सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसून फोटो काढले आणि ते फोटो व्हॉट्सअपवरून मलाच दहा ठिकाणांहून आले. टोपी एकही आली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "काकू, भावना महत्त्वाची." भावनेने कान झाकत असतील तर मला माहीत नाही. पण मी त्यांना हसते आणि मग बापूसाहेबांची ओसरी आठवून गप्प बसते. निदान आमचे स्वेटर होते, मग ते दोन माणसं मावतील एवढे का असेनात.

आणि मग घोटाळा झाला. लढाई संपली. आमच्या बाह्या अजून लागायच्या होत्या. ढाक्याला दुश्मनाने शस्त्रं खाली ठेवली, गावात हलग्या वाजल्या, गूळ वाटला गेला, पोरं घसा बसेपर्यंत ओरडली. बापूसाहेबांनी फेटा बांधून भाषण केलं, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. ओट्यावरून उतरताना ते कुणाशी तरी म्हणाले, "आठ दिस आजून चालली आसती तर काय बिघडलं आसतं? बायांचं काम आर्धवट ऱ्हायलं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्याचा माणूस तिकडे होता त्या घरातली मी, त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते.

दुसऱ्या दिवसापासून मंडळ ओसरीवर जमेनासं झालं. माईसाहेबांनी आपापली लोकर घरी नेऊन काम संपवायला सांगितलं. आणि आमच्या घरी पत्राची वाट पाहणं सुरू झालं. लढाई चालू असताना पत्र नाही यात काही कारण तरी होतं. आता काय कारण होतं? शेजारच्या गावच्या एका जवानाचं पत्र आलं, मग तो स्वतः आला. पोस्टमन आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरायचा आणि आमचं घर टाळून वरच्या बोळाने जायचा. त्याच्याकडे द्यायला काही नसायचं, आणि ते सांगायचा त्याला वीट आला होता.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला कुणी समजावून सांगितली नाही, माझी मलाच उमजली. दुपार झाली की द्वारकाकाकू दारात उभी राहायची, हातात तो उभा राहणारा स्वेटर. "सुमे, टाका निसटला गं, बघ बरं." तिच्यामागून सखू यायची, तिचेही टाके निसटलेले. मग आणखी दोघी-तिघी. वहिनी एकेकीचं उसवायची, पुन्हा टाके घालून द्यायची आणि त्या बसून राहायच्या. एकदा मी पाणी आणायला निघाले तर द्वारकाकाकू आमच्या दाराबाहेर थांबून स्वतःच्या हाताने सुईवरून टाके काढत होती. मला बघून डोळे वटारले आणि म्हणाली, "बघायलीस काय? जा पुढं." मग आत जाऊन तीच आरोळी, "सुमे, निसटला गं!" वहिनीलाही ते कळत असणारच. इतके टाके आपोआप निसटत नसतात. पण कुणी काही बोललं नाही, आणि आमच्या माजघरात दुपारभर सुयांचा आवाज येत राहिला. आई चुलीवर शेंगा भाजून त्यांच्यापुढे ठेवायची, वर येसराच्या आमटीचा वास घरभर असायचा, आणि गप्पा मात्र सगळ्या जगाच्या, एक भास्कर सोडून.

बापूसाहेबांनी ठरवलं की लढाई संपली म्हणून कार्यक्रम संपत नाही. संक्रांत आली होती. जवानांना स्वेटर अर्पण आणि महिला मंडळाचं हळदीकुंकू असा जोडकार्यक्रम ठरला, म्हणजे मांडव एकच लागेल. जिल्ह्याहून मोठे पाहुणे येणार होते. दोन दिवस आधी बापूसाहेब स्वतः आमच्या दारी आले. त्यांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला तो तेव्हाच पहिल्यांदा. बाजेवर बसले, बाज कुरकुरली, आणि घसा साफ करून म्हणाले, "भास्करनं गावाचं नाव काढलं बघा. लई गुणाचं पोरगं व्हतं."

आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "व्हतं?"

"म्हंजे, हाय. हायच की. पर येवढे दिस झाले, आता मनाची तयारी ठिवाया पायजे. त्याचा येकांदा फोटू आसंल तर द्या. मोठा करून ष्टेजवर लावू."

"हार घालून?"

आईने त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलला, त्यात अजून अर्धा चहा होता, आणि म्हणाली, "माझं लेकरू मेलं का जितं ऱ्हायलं, ते मला ठावं न्हाई. तुमाला कोण सांगून गेलं? तुमची येवढी वळख, कलेक्टरापसून मंत्र्यापतूर. येक फोन केला का, भास्कर कुठं हाय म्हून? फोटू मोठा करायला सुचलं." बापूसाहेब उठले. जाताना मला म्हणाले, "आईला समजाव, पोरी. सदम्यात हाय." आईला सदमा बिदमा काही नव्हता. ती रागावली होती.

आई कार्यक्रमाला आली नाही. हळदीकुंकवाला विधवेने जायचं नसतं, आणि जायचं असतं तरी ती गेली नसती. वहिनीही नको म्हणत होती. पण द्वारकाकाकू तिला घ्यायला आली आणि म्हणाली, "चल. न गेलीस तर म्हणतेल खरंच हाय." म्हणून वहिनी उठली, दादाने आणलेलं हिरवं पातळ नेसली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि आम्ही शाळेच्या पटांगणात गेलो.

टेबलावर पोपटी स्वेटरांचा ढीग होता. मोठ्या पाहुण्यांनी सगळ्यांत वरचा उचलून लोकांना दाखवला, मग स्वतःही पाहिला, आणि बापूसाहेबांना विचारलं, "यात एक जवान घालायचा की तोफखाना?" लोक हसले. बापूसाहेबही हसले, त्यांना ती स्तुती वाटली. मग त्यांचं भाषण झालं. त्यात पिंपळगावच्या मातीने देशासाठी रक्त सांडल्याचं होतं, एका माउलीने पुत्र दिल्याचं होतं, एका भगिनीने सौभाग्य अर्पण केल्याचं होतं. वहिनी माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती. ती सतरंजीच्या दशा वळत होती, वळून सोडत होती, पुन्हा वळत होती. मला तिच्याकडे बघवेना. मला बापूसाहेबांकडे काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं आणि हाताशी तिळगुळाखेरीज काही नव्हतं.

पाहुणे गेले आणि हळदीकुंकू सुरू झालं. माईसाहेब चांदीचा करंडा घेऊन ओळीने येऊ लागल्या. एकीला हळद, कुंकू, तिळगूळ, वाण, मग दुसरीला. येता येता त्या वहिनीपाशी आल्या. त्यांचं बोट करंड्यात गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी वहिनीच्या कपाळाकडे पाहिलं, तिथल्या कुंकवाकडे पाहिलं, मग बोट बाहेर काढून पदराला पुसलं. वहिनीच्या हातावर नुसता तिळगूळ ठेवला आणि त्या पुढे सरकल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मी आज म्हणू शकते. नवऱ्याने भर सभेत जिचं सौभाग्य अर्पण करून टाकलं, तिला कुंकू कसं लावायचं, एवढाच त्यांना पेच पडला असेल. पण त्या दिवशी मला वाटलं की त्यांनी माझ्या दादाला तिथे सगळ्यांसमोर पुरलं.

पुढची द्वारकाकाकू होती. माईसाहेबांचं बोट तिच्या कपाळाशी आलं तसा तिने हात आडवा धरला. "ऱ्हाऊ द्या माईसाहेब."

"कावून गं?"

"तिला न्हाई तर मला बी नगं." असं म्हणून द्वारकाकाकूने पदराचं टोक घेतलं आणि आपल्या कपाळावरचं कुंकू खसकन पुसून टाकलं. नवरा जिवंत असलेल्या बाईने आपल्या हाताने कुंकू पुसणं म्हणजे काय, हे मला आज माझ्या सुनांना समजावून सांगताही येत नाही. त्या टिकली मॅचिंग नसेल तर लावत नाहीत. पण तेव्हा शेजारच्या बायकांच्या तोंडून "अगं बया" असा एकच आवाज निघाला. द्वारकाकाकू तिच्या त्या आवाजात म्हणाली, "भास्कर कुठं हाय, जिता का मेला, ते कळू द्या. तवर मी लावत न्हाई. माझा बी काय, हाय तर हाय." पलीकडच्या सखूने कपाळ पुसलं. तिच्या पलीकडचीने पुसलं. पदरांची सळसळ ओळीने शेवटपर्यंत गेली. वरच्या आळीच्या दोघी-तिघी घाबरून उठून गेल्या, पण आमच्या माजघरात टाके निसटवत बसणारी एकही उठली नाही. मी कुमारिका, मला त्याचं काय? पण मीही पुसलं, आणि शेवटी वहिनीनेही. माईसाहेब करंडा घेऊन मधोमध उभ्या होत्या आणि लावायला कपाळ उरलं नव्हतं.

आम्ही सगळ्या घरी आलो तेव्हा आई दारात होती. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. काय झालं ते मी सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "इतकी वर्सं या गल्लीत मी येकटी व्हते. बरी सोबत झाली." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. वहिनी तिच्यामागून गेली आणि चुलीपुढे बसून, कित्येक दिवसांनी, मोठमोठ्याने रडली.

पुढच्या दिवसांत गल्लीतल्या नवऱ्यांची जी अवस्था झाली तिचं वर्णन करताना मला आजही सुख होतं. सकाळी चहा घेऊन येणाऱ्या बायकोचं कोरं कपाळ बघायचं आणि स्वतः जिवंत आहोत की नाही याची खात्री करायची, हा त्यांचा दिनक्रम झाला. द्वारकाकाकूचे यजमान नामदेवकाका मुळात भित्रे. त्यांना खोकला झाला तर ते आमच्या दारात येऊन वहिनीच्या पाया पडायला निघाले. पारावर त्यांचे दोस्त विचारायचे, "काय बे नाम्या, आजून हायेस का?" सासवांनी अन्न सोडलं, शिव्या दिल्या, देव पाण्यात घातले. दोघींनी मारही खाल्ला, हे विनोदात दडवणार नाही. सखूच्या दंडावर वळ होता. ती तो पदराखाली घेऊन आमच्याकडे विणायला आली आणि म्हणाली, "हानला. पर हानायला जिता हाय ना? मग काय तर." त्याच सुमारास मला बघायला माजलगावकडची मंडळी आली. गल्लीत शिरल्यापासून आमच्या ओसरीपर्यंत त्यांना एकही कुंकवाची बाई दिसली नाही. घरात गेल्यावर पोहे द्यायला पाच जणी आल्या, पाचही कोऱ्या. मुलाच्या मामाने पोह्यांना हात लावला नाही. ती मंडळी गेली ती गेलीच. त्यांच्यामुळे मी पुढे अंबाजोगाईला नर्सिंग शिकले, त्यांचे उपकार मोठे आहेत.

पण खरी पळापळ बापूसाहेबांची झाली. निवडणूक आली होती, आणि त्यांच्या गावात शिरलं की कोऱ्या कपाळांची अख्खी गल्ली. आसपासच्या गावांत बातमी पसरली की पिंपळगावात कसलीतरी साथ येऊन सगळे पुरुष गेले. नवरेही त्यांच्या दारात जाऊन बसू लागले. बापूसाहेब मत मागायला आले तर द्वारकाकाकू दारातून कपाळ दाखवायची, बोलायची नाही. तेव्हा कुठे बापूसाहेबांनी फोन उचलला. ज्या माणसाला त्यांनी भर सभेत अमर केलं होतं, त्याला जिवंत शोधायची वेळ त्यांच्यावर आली. आणि शोधायला किती दिवस लागले असतील? आठवडाही नाही.

दादा पुण्याला लष्करी दवाखान्यात होता. लढाईत फौजेची गाडी पेटली तेव्हा आतल्या माणसाला ओढून काढताना त्याचे दोन्ही हात भाजले होते. सुरुवातीला पुष्कळ दिवस तापात काही समजत नव्हतं. घरी तार गेली होती, पण तालुका चुकला आणि ती दुसऱ्याच पिंपळगावाला जाऊन पडली. आपल्या जिल्ह्यात पिंपळगावांना काय तोटा? शुद्धीवर आल्यावर त्याला वाटलं तार मिळूनही कुणी आलं नाही, म्हणून तो रुसून बसला. दुसऱ्याच्या हाताने पत्र लिहून घेतलं नाही, कारण परकं अक्षर बघून आई घाबरेल. आई ते ऐकून म्हणाली, "आमी न्हाई घाबरलो बाबा. आमी नुसत्या मजेत व्हतो."

तो घरी आला तेव्हा दोन्ही हात पट्ट्यांत होते. गल्लीतल्या बायका करंडे घेऊन धावत आल्या, एकमेकींच्या कपाळांवर लपालपा कुंकू फासलं, नामदेवकाकांनी पेढे वाटले. बापूसाहेबांनी मिरवणूक काढली आणि भास्करला मृत्यूच्या दाढेतून आपण कसं आणलं ते सांगितलं. निवडूनही आले. सभेतल्या स्वतःच्या मरणाची हकिगत दादाला कळली तेव्हा तो म्हणाला, "दुश्मनाला जमलं न्हाई, ते बापूसाहेबांनी करून दावलं आसतं." पोपटी स्वेटरांचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. बापूसाहेबांच्या गोठ्यातल्या वासरांच्या अंगावर काही वर्षं पोपटी झुली असायच्या, एवढं मी पाहिलं आहे. वासराला मात्र माप बरोबर बसायचं.

वहिनीने कुंकू लावून घेतलं नाही. द्वारकाकाकूने धरलं, आईने सांगितलं, तरी ती म्हणाली, "ज्याच्या नावानं पुसलं, त्यानं लावावं." आणि त्याला लावता येत नव्हतं. पट्ट्या निघाल्या तेव्हा बोटं वळत नव्हती. सदऱ्याची गुंडी लागत नव्हती, भाकरीचा तुकडा मोडत नव्हता. दवाखान्यात सांगितलं होतं की बोटं हलवत राहा, नाहीतर अशीच राहतील. तो हलवायचा, दुखायचं, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एका दुपारी वहिनीने लढाईतल्या उरलेल्या लोकरीचा गुंडा काढला आणि सायकलच्या तारेच्या दोन सुया त्याच्या हातांत दिल्या. तो म्हणाला, "बायकांचं काम मला?" ती म्हणाली, "मग गड्यांचं येतंय का काही सध्या?"

उन्हाळाभर आमच्या माजघरात एक फौजी बायकांमध्ये बसून विणत होता. गडीमाणसं दारावरून जाताना घसा खाकरायची, बापूसाहेबांनी तर एकदा पाहून तोंड फिरवलं. द्वारकाकाकू त्याला ओरडायची, "भास्कर, निसटला बघ!" आणि खरंच निसटलेला असायचा. त्याने काय विणलं ते सांगता येत नाही, ती वस्तू कुठल्याही अवयवाला बसली नसती. पण बोटं आधी थोडी वाकली, मग सुई धरू लागली, मग धागा चिमटीत आला.

मृग तोंडावर आला असताना एकदा सकाळी वहिनीने करंडा आणून त्याच्यापुढे धरला आणि खाली बसली. मी, आई, पाणी भरायला आलेली द्वारकाकाकू, सगळ्या दारात थबकलो. दादाने अंगठा आणि बोट कुंकवात घातलं. चिमूट सांडली, पुन्हा घेतली. हात वर गेला. त्याने इतका वेळ घेतला की वहिनीने डोळे मिटले. आणि शेवटी ते कुंकू लागलं डाव्या भुवईवर, थोडं नाकावर, बाकीचं पातळावर. वहिनीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, दादाच्याही. तेवढ्यात आई नाकाला पदर लावून म्हणाली, "आसा नेम आसल्यावर लढाई जिंकली कशी रे तुमी?"